पेजेवरचं मेतकूट

आमच्या घरात गव्हाला तसा कधीच फार मान नव्हता. आम्ही कणकवलीकडचे, भातावर वाढलेले. चपाती बाबांच्या डब्यापुरती आणि पुरणपोळी होळीपुरती. त्यामुळे मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी या मुलीला गहू आयुष्यभर बंद असं सांगितलं, तेव्हा बाबा चक्क हसले. "एवढंच ना? मला वाटलं, भात बंद करताय." घरी येईपर्यंत त्यांचा हा आनंद टिकला. मग आईनं एकेक डबा उघडायला घेतला आणि कळलं, की ज्याला आपण कधी पाट मांडला नाही तो पाहुणा घरभर हातपाय पसरून बसलाय. बांगडा ज्या रव्यात घोळून तळायचा, तो रवा गव्हाचा. चहाबरोबरची खारी, टोस्ट, बिस्किटं गव्हाची. दिवाळीचे शंकरपाळे, खिरीतल्या शेवया, नाक्यावरच्या चायनीज गाडीवरचा काळा सॉस, सगळीकडे तोच. बाजारच्या हिंगपुडीतसुद्धा पीठ मिसळलेलं असतं, असं डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम बजावलं होतं. आई हिंगाच्या त्या डबीकडे, घरात साप निघाल्यावर बघावं तशी बघत राहिली.

मी तेव्हा आठवीत होते आणि दिसायला पाचवीतली. प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिली. हातपाय काड्यांसारखे, पोट तेवढं फुगलेलं, आणि आठवड्यातून एकदा तरी पोट बिघडून घरी. त्याआधी माझ्यावर जंताची औषधं झाली, काविळीचा उतारा झाला, मीठ-मोहरी ओवाळून झाली. शेवटी पोटात नळी घालून तपासलं तेव्हा कुठे त्या रोगाला नाव मिळालं. सिलिॲक. बाबा शेवटपर्यंत त्याला 'शिलॅक' म्हणत, एखाद्या कारखान्याचं नाव घ्यावं तसं. आता मॉलमध्ये गेलं तर 'ग्लुटेन फ्री' छापलेली चकचकीत पाकिटं फळीभर मांडलेली असतात आणि माझ्या मावसबहिणीची मुलगी ती कौतुकानं माझ्यासाठी घेऊन येते. मी तिच्यासमोर एखादं खाते, छान आहे म्हणते. पाकिटावरचं बारीक अक्षर वाचायला मला आता चष्मा लागतो, पण वाचल्याशिवाय तोंडात काही टाकायचं नाही ही खोड त्या वर्षापासूनची आहे.

मुलुंड पूर्वेला आमची तीन मजली जुनी इमारत होती. प्रत्येक मजल्यावर लांब गॅलरी, गॅलरीच्या टोकाला संडास, आणि दुसऱ्या मजल्यावर मधोमध आमच्या दोन खोल्या. माणसं चार. बाबा आधी गिरणीत होते, ती बंद पडल्यावर एका कुरिअरच्या ऑफिसात लागले. आई भांडुपला कपड्यांच्या एक्सपोर्ट कंपनीत चेकिंगला होती. तयार शर्ट उलटसुलट करून सुटलेला टाका, राहिलेला दोरा, पडलेला डाग शोधायचा, हे तिचं काम. दिवसभर दोष शोधून आलेली बाई घरी आल्यावर डोळे मिटून थोडीच बसणार. आणि चौथी आमची आत्या. बाबांची मोठी बहीण. नवऱ्यामागे सासरी कोणी उरलं नाही म्हणून भावाकडे आली, ती माझ्या जन्माच्या आधीची. भावाच्या घरात राहणाऱ्या बाईनं आपली जागा कशी राखायची ते तिनं आल्या दिवशीच ठरवलं असावं. तिनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि कोणाला तिथं बोट लावू दिलं नाही. आईलाही ते सोयीचं होतं. दोघींचं फार सख्य नव्हतं, पण भांडणही नव्हतं. आई कमवायची, आत्या रांधायची, आणि आमच्या घराचा गाडा या बोलीवर नीट चालला होता.

गव्हाची हकालपट्टी झाली तेव्हा आत्येनं तक्रार केली नाही. उलट कंबर कसली. आईनं पिठाची गिरणीही बंद केली, कारण तिथं दिवसभर गहूच दळला जातो आणि आपले तांदूळ त्याच्यामागून जाणार. मग तांदूळ धुवायचे, सावलीत वाळवायचे आणि मिक्सरमध्ये थोडे थोडे फिरवायचे. त्या मिक्सरचा आवाज असा होता की खालच्या मजल्यावरची माणसं आपला टीव्ही मोठा करत, मग आमच्या मजल्यावरची माणसं आपला मोठा करत, आणि रविवारी सकाळी अख्खी इमारत ओरडल्यासारखी वाटे. रविवार हा आमचा प्रयोगांचा वार झाला होता. तांदळाच्या पिठात घोळवलेला बांगडा पहिल्याच फटक्यात जमला. रव्यापेक्षा बरा लागतो, असं बाबांनी जाहीर केलं आणि लगेच दुसरी तुकडी उचलली. नाचणीची चकली मात्र तेलात पडली की हसायची, म्हणजे तिचे वेढे सुटून तुकडे कढईभर पसरायचे. आत्या झाऱ्यानं ते गोळा करून म्हणायची, "शेव झाली. चकलीचां नाव कोणी घेव नुको." तांदळाच्या पिठाचे शंकरपाळे इतके कडक झाले की बाबांनी एक दातात धरून बघितला आणि अलगद काढून खिडकीच्या कडेवर ठेवला. कावळ्यानंही तो नेला नाही. राजगिऱ्याची बिस्किटं तव्यावर भाजली ती खालून करपली, वरून कच्ची राहिली, तरी मी खाल्ली, कारण नुसती बिस्कीट म्हणावं अशी वस्तू हातात धरून बरेच दिवस झाले होते.

सगळ्यात मजा चटणीची झाली. चायनीज गाडीवरच्या त्या लालभडक चटणीवर माझा जीव होता आणि आता ती गाडी वर्ज्य. आत्येनं त्या गाडीजवळ कधी पाऊल टाकलं नव्हतं. मी तिला चव वर्णन करून सांगायची. तिखट, पण नुसती तिखट नाही गं. लसूण भरपूर. मागाहून आंबट येतं, आणि थोडी काळपट चव, ती कसली कोण जाणे. आत्येनं बेडगी मिरच्या भिजवल्या, लसणीचा गड्डाच्या गड्डा ठेचला, तेलात परतला आणि आंबटपणाला, काळेपणाला गावाहून आलेलं कोकमाचं आगळ ओतलं. तिनं चमच्याच्या टोकावर मला ती चाखवली. ती गाडीवरची चटणी नव्हती. तिच्याहून झकास होती. मी ती तांदळाच्या भाकरीला लावून खाल्ली, भाताला लावून खाल्ली, नुसती बोटानं खाल्ली, आणि आत्या एका गुडघ्यावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवसांत मी सुखी होते, हे मला आज सांगायला हरकत वाटत नाही. माझ्या एकटीसाठी अख्खं घर तळत होतं, दळत होतं. मुलगी म्हणून एवढं लक्ष आधी कधी मिळालं नव्हतं.

आणि तरीही माझं पोट बिघडत होतं.

आधीइतकं नाही, पण बिघडत होतं. पोट बिघडलं की आमच्याकडे एकच उपाय. उकड्या तांदळाची पेज आणि तिच्यावर चमचाभर मेतकूट. हे मेतकूट आम्हा मासे खाणाऱ्यांच्या घरात तसं परकंच. आत्या मुंबईत आल्यावर काही वर्षं मुलुंडमधल्याच एका पुणेकर म्हाताऱ्या बाईंकडे स्वयंपाकाला जायची, तिथून ते शिकून आली होती. वर्षातून एकदोनदा ती चिनी मातीची बरणी भरून ठेवायची. पिवळसर, खमंग, नाकाला जरा झोंबणारी ती पूड म्हणजे घरातलं औषध होतं. आई म्हणायची, वन्संचं डाळींचं औषध. त्यात नक्की काय काय पडतं ते आत्येनं कोणाला सांगितलं नव्हतं आणि आम्ही कोणी विचारलंही नव्हतं. मी निपचित पडले की आत्या मांडीवर माझं डोकं घेऊन पेज भरवायची. "खा गो माझ्या चेडवा. पोटाक बरां वाटात." मला खरंच बरं वाटायचं. निदान तेवढ्यापुरतं.

काही महिन्यांनी आम्ही पुन्हा हॉस्पिटलात गेलो. वजनाचा काटा जागचा हलला नव्हता. रक्तातला तो आकडाही, जो खाली यायला हवा होता, वरच होता. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितले, मग माझ्याकडे बघितलं आणि सरळ विचारलं, "बाहेर काही खातेस का? शाळेत? मैत्रिणींबरोबर?" मी नाही म्हणाले. त्या चिडल्या नाहीत. या वयाची मुलं खातात, सांगून टाक, म्हणाल्या. मी पुन्हा नाही म्हणाले. पुढच्या खेपेला आकडा असाच राहिला तर भरती करून पुन्हा नळी घालून बघावं लागेल, असं त्यांनी आईला सांगितलं. त्या नळीची मला काय धास्ती होती ते मी इथं लिहीत नाही. पण त्याहून वाईट वाटलं ते आईचं. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि ती शर्टाची शिवण कशी बघत असेल ते मला तेव्हा कळलं.

त्यानंतर आई माझी तपासणी करायला लागली. शाळेतून आले की दप्तर उघडायचं, डब्याच्या कोपऱ्यात बोट फिरवायचं, फ्रॉकचे खिसे उलटे करायचे. कधी सहज जवळ घेतल्यासारखं करून माझ्या हातांचा वास घ्यायची. शाळेच्या दारासमोर वडापावची गाडी होती. एकदा मधल्या सुट्टीत मी गेटपाशी आले तर समोरच्या फुटपाथवर, झाडाआड, आई उभी. कामावरून अर्धी रजा टाकून आली होती. आमची नजरानजर झाली. ती वळली आणि स्टेशनच्या दिशेनं चालायला लागली. संध्याकाळी ती म्हणाली, "वैशू, मी ओरडणार नाही. फक्त खरं सांग. एक वडापाव खाल्लास तर काय फाशी देणार नाहीये मी तुला." मी म्हणाले, "नाही खाल्ला." ती म्हणाली, "मग आकडा काय हवेतून वर राहतो?" मला इतका राग आला होता की रडूसुद्धा येईना. खोटं बोलणाऱ्या मुलीला निदान खाल्लेल्याची चव तरी आठवत असेल. माझ्या वाट्याला तीही नव्हती.

घरात एकच माणूस माझ्या बाजूनं होतं. आत्या भाकरीच्या परातीवरून नजर न काढता आईला म्हणाली, "सुमन, ह्या चेडू खोटां बोलाचां नाय. तेका बोलू नुको." एरवी आई-मुलीच्या मध्ये ती कधी पडायची नाही, भावाच्या संसारात आपण किती बोलायचं याचं तिचं माप पक्कं होतं. त्या दिवशी तिनं ते ओलांडलं. आईनं माझं दप्तर बंद केलं. बाबांनी पेपरात डोकं घातलं. मी आत जाऊन आत्येच्या पाठीला पाठ लावून बसले. त्या एका वाक्यावर मी पुढचे कित्येक दिवस काढले.

बरणीचा तळ दिसायला लागला तसा आत्येनं नव्या मेतकुटाचा घाट घातला. शनिवारी शाळा सकाळची होती. मी घरी आले तेव्हा तिनं तांदूळ, चणाडाळ, उडीदडाळ वेगवेगळ्या ताटांत मांडून ठेवली होती, मेथी-जिरं वाटीत, सुंठ, हळकुंड बाजूला. हिंग नव्हता. "हिंग नाय घालणंय हा," तिनं मला अभिमानानं दाखवलं, "डॉक्टरणीन सांगल्यान ना." मग वाटी माझ्या हातात देत म्हणाली, "जा गो, जयाबेनीकडसून मूठभर गहू घेवन ये. आपल्याकडचे तुझ्या आवशीन काढून टाकल्यान." मी वाटी घेऊन निघाले. खरं सांगते, चार पावलं जाईपर्यंत माझ्या डोक्यात काही आलं नाही. शेजारून काही आणायचं म्हणजे पाय आपोआप चालतात.

जयाबेन आमच्या शेजारच्या. त्यांच्या घरातून दिवसभर खाकऱ्याचा वास यायचा, लाकडी दट्ट्यानं तव्यावर खाकरा दाबत त्या दाराशीच बसलेल्या असत. वर्षाचे गहू उन्हाळ्यात घेऊन, एरंडेल चोळून त्यांनी कोठीत भरलेले असत. वाटी बघून त्या म्हणाल्या, "गहू? अगं बेटा, तुमच्याकडे तर गहू बंद केला ना? कोणाला पाहिजे?"

"मेतकुटाला."

"आणि ते कोण खातं?"

"मी," मी म्हणाले.

जयाबेन हसत उठल्या, त्यांना काही कळलं नव्हतं, त्यांनी मूठ भरून गहू वाटीत टाकले. तेलाचा हात लागलेले ते दाणे चांगले लकाकत होते. मी वाटी घेऊन गॅलरीत आले आणि कठड्याला टेकून उभी राहिले. सगळा हिशेब एकदम लागला होता. पोट बिघडलं की मेतकूट, मेतकूट खाल्लं की पोट. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आई वडापावच्या गाडीवर पाळत ठेवत होती आणि रोग औषधाच्या बरणीत होता. मला आधी हायसं वाटलं. मी खोटी नव्हते, आता दाखवता येणार होतं. मग लगेच आत्या दिसली, ताटं मांडून बसलेली. हे बोलायचं कसं? वाटी कठड्याबाहेर उलटी केली आणि जयाबेनकडे गहू नाहीत म्हटलं, तर नवी बरणी माझ्यापुरती बिनधोक होईल, आत्येला काही कळणार नाही, आणि माझी नळीही कदाचित टळेल. पण आईच्या लेखी मी चोरटी ती चोरटीच राहीन. आणि खरं सांगितलं तर ज्या एका माणसानं माझ्यावर विश्वास ठेवला त्याच्या हातानंच मला आजारी पाडलं, असं मीच त्याला सांगायचं. स्वयंपाक हीच आत्येची या घरातली जागा. ती काढून घेतली तर तिच्याकडे दुसरं काय होतं? तेरा वर्षांच्या मुलीनं इतका विचार केला असेल का, असं वाचणाऱ्याला वाटेल. शब्द आजचे आहेत. वाटी कठड्याबाहेर नेऊन परत आणली ती त्या दिवशीच.

मी आत गेले. आत्या मंद आचेवर तांदूळ भाजत होती. ते फुलल्याचा बारीक तडतड आवाज येत होता. तिनं तांदूळ परातीत ओतले आणि वाटीसाठी हात पुढे केला. मी वाटी दिली नाही.

"आत्ये, गहू राहू दे."

"कित्याक?"

"मला चालत नाही ना."

"अगो, ह्यो भाजतलंय मी. लाल होयसर. भाजल्यार दोष जाता." ती मला समजावत होती, लहान पोराला समजावतात तसं. आणि तिचं चुकत नव्हतंच. आजाऱ्याला द्यायचं धान्य आधी भाजायचं, भाजलं की ते हलकं होतं, हे तिच्या आईनं तिला शिकवलं होतं, तिच्या आजीनं तिच्या आईला. तिच्या लेखी मला बंद होता तो चपातीतला, पावातला कच्चा, जड गहू. कढईत खरपूस झालेला मूठभर गहू ही निराळीच वस्तू होती.

"नाही जात," मी म्हणाले. "मी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. भाजा, तळा, उकडा, गहू तो गहूच. एक चिमूटसुद्धा नको म्हणाल्या."

आत्येनं गॅस बंद केला. कढई तापलेली होती, तिच्यातून नुसता धूर येत राहिला. तिची नजर फळीवरच्या बरणीकडे गेली, तिथून माझ्याकडे आली, मग पुन्हा बरणीकडे. "म्हणजे आधीचां..." एवढंच ती बोलली. मी मान हलवली. ती हात मांडीवर उलटे ठेवून त्यांच्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "मी तुका विख खावक घालत होतंय." मी म्हणाले, तसं नाही गं, तुला कुठे माहीत होतं. तिनं ऐकलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज नाही, काही नाही, आणि ते पुसायला तिनं हात उचलला नाही. मी तिच्या गळ्यात पडले. तिच्या केसांना भाजलेल्या तांदळाचा वास येत होता.

आई घरी आली तेव्हा मी तोंड उघडायच्या आत आत्याच बोलली. दारातच. "सुमन, चेडवाक बोलू नुको. माझ्या मेतकुटात गहू होते." आई चप्पल पायात तशीच ठेवून खाली बसली. आता ती आत्येला काय बोलते या भीतीनं मी भिंतीला टेकले. पण ती आत्येला अक्षर बोलली नाही. तिनं मला हातानं जवळ ओढलं आणि माझं डोकं पोटाशी इतकं घट्ट धरलं की तिच्या ड्रेसला चिकटलेले कंपनीतले दोरे माझ्या गालाला टोचले. "मी झाडामागे उभी होते गं," ती म्हणाली. "मला माहितीये," मी म्हणाले. त्यावर ती जी रडली ती बाबा येईपर्यंत. बाबांना एकाच वेळी घरातल्या तीन बायका रडताना बघायची सवय नव्हती. ते म्हणाले, "वाट लागली. कोण गेलं?"

दुसऱ्या दिवसापासून आत्येनं माझ्यासाठी रांधणं सोडलं. बाबांचं करायची, आईचा डबा भरायची, पण माझ्या ताटाला हात लावायची नाही. "माझ्या हातचां नको आता," एवढंच म्हणायची. माझं जेवण आई करायला लागली, पहाटे उठून, कामावर जायच्या आधी. आईची आमटी म्हणजे पिवळं पाणी. आम्ही ती मुकाट्यानं खात होतो. मी हळूहळू भरत होते, पोट शांत होतं, पुढच्या खेपेला आकडा खाली आला होता आणि डॉक्टरीणबाईंनी नळीचं नाव काढलं नाही. सगळं मार्गी लागत होतं, आणि घरात सुतक असल्यासारखं वाटत होतं. आत्या माझ्याशी प्रेमानं बोलायची, केस विंचरून द्यायची, पण मी जेवायला बसले की उठून गॅलरीत जायची.

एका रविवारी आईनंच मेतकूट करायला घेतलं. आत्येला विचारलं नाही, ताटं मांडली आणि मला म्हणाली, "चल, तू बघितलंयस ना, सांग." मी आठवेल तसं सांगत होते. गव्हाच्या जागी आम्ही मूठभर ज्वारी घ्यायची ठरवली. तांदूळ जमले, डाळी जरा जास्त भाजल्या गेल्या, मग आईनं मेथी टाकली आणि गॅस मोठाच ठेवला. बाहेरच्या खोलीतून आत्या ओरडली, "काळी केलंस मेथी! कडू विख होतला!" 'विख' हा शब्द तोंडातून गेला आणि तिनं तोंडावर पदर धरला. आई कढई उतरवून बाजूला झाली. थोड्या वेळानं आत्या आत आली, जळकी मेथी टाकून दिली, कढई घासली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. ज्वारी तिनं बराच वेळ भाजली. मिक्सरवर पूड केली, जिभेला लावली आणि म्हणाली, "थोडा खमंग कमी आसा. पण चलात." बरणी धुऊन, उन्हात वाळवून तिनं ती भरली. बाबांनी दुसऱ्याच दिवशी दह्यात कालवून खाल्लं. मला मात्र तिनं ते कधी दिलं नाही आणि मीही मागितलं नाही. तिच्या हातून चमचा पुढे येईना, आणि माझ्यानं तिला भीड घालवेना.

मग विक्रोळीला बाबांच्या मित्राच्या मुलीचं लग्न निघालं. माझा डबा आईनं घरून नेला होता, पण तिथलं सरबत मी प्यायले आणि त्या सरबतानं निम्म्या मांडवाची पोटं बिघडवली. आमच्या इमारतीतले इतरही आजारी पडले, त्यामुळे या वेळी संशयाला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझं पोट थांबलं, अंगात त्राण नव्हतं. आईनं रजा घेतली होती. तिनं पेज शिजवली, मला उशीला टेकवून बसवलं, वाडगा माझ्यापुढे ठेवला. आत्या खिडकीकडे तोंड करून तांदूळ निवडत होती. आईनं फळीवरची बरणी काढली आणि आत्येच्या पुढ्यात नेऊन ठेवली.

"वन्सं, तिच्या पेजेवर मेतकूट घाला."

"तूच घाल."

"मी नाही घालणार. तुम्ही घाला."

आत्येनं मान खाली घातली. "माका माझ्या हाताचो भरवसो नाय गो, सुमन."

"मला आहे," आई म्हणाली.

एवढं बोलून ती आतल्या खोलीत निघून गेली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही, आणि तिच्यासारख्या बाईला ते किती जड गेलं असेल. आत्या सुपात हात ठेवून बसून राहिली. मग उठली, हात धुतले, पदरानं कोरडे केले, बरणीचं झाकण काढलं. अर्धा चमचा घातला. थांबली. मग आणखी अर्धा घातला. ती मला भरवायला लागली आणि प्रत्येक घासानंतर माझ्या तोंडाकडे बघायची. मी वाडगा पुसून खाल्ला. चव थोडी वेगळी होती, मी ते सांगितलं नाही.

सकाळी मला जाग आली तेव्हा उजाडत होतं. दार उघडं होतं आणि उंबऱ्याच्या आत पाट टाकून आत्या बसली होती. शेजारी भरलेली बादली, तिच्यात तांब्या. गॅलरीच्या टोकापर्यंत मला धावत जावं लागलं तर वेळ जायला नको म्हणून. किती वेळ बसली होती कोण जाणे. मी उठून बसले तशी ती बादलीच्या कडीला हात घालून अर्धी उभीच राहिली.

"काय गो? जावक व्हया?"

"नाही."

"पोटात दुखता?"

"नाही गं आत्ये. भूक लागलीय."

ती तशीच वाकलेली, कडीला धरून माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं बादली तिथंच सोडली आणि गॅस पेटवायला आत गेली.